बारावा हिस्सा

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. "मस्यू काझाल, रोज भेटून गेलात की दोन ओळी लिहीत चला. काय खाल्लं, कुठला हात हलला, काही बोलल्या का. आम्हाला उपयोग होतो." डॉक्टर माझ्या मुलीहून लहान आहे. मी बरं म्हटलं.

तर लिहितो. माझ्या बायकोला, नोएमीला, अर्धांगाचा झटका येऊन आज दहा दिवस झाले. उजवा हात आणि उजवा पाय निकामी. तोंडातून शब्द नाही. आज चार चमचे सूप घेतलं, पाचव्याला तोंड फिरवलं. डाव्या हातानं चादरीची किनार चाचपत होती.

मी लिहिणारा माणूस नाही, मोजणारा आहे. अडुसष्ट वर्षांत वहीत आकड्यांशिवाय काही उतरवलेलं नाही. पण कास्त्रच्या हॉस्पिटलातून बसनं परत रेव्हेलला आलो की घर खायला उठतं, म्हणून ही चार वाक्यं जास्त झाली.

१७ जानेवारी

तीन चमचे. हात तसाच.

सामानाच्या छोट्या प्रतिकृती करण्याचं काम थांबवून चालणार नाही. मादाम एस्तुर्नेल यांचं बारावं आणि शेवटचं सामान राहिलंय. बाईंचं वय चौऱ्याऐंशी. ज्या मोठ्या घरात त्या वाढल्या ते विकलं गेलं, सामानाचा लिलाव झाला. लिलावाआधी त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, "बैठकीची खोली माझ्या दोन खोल्यांच्या घरात मावेल एवढी करून द्या." मी तिथं आठ दिवस राहून खुर्च्या, कोच, कपाटं, घड्याळाची पेटी, सगळं मोजलं. चार वर्षांत अकरा वस्तू पोचवल्या. आता पंधराव्या लुईच्या काळातलं लिहायचं टेबल, वाकड्या पायांचं. मूळ टेबल कमरेला लागायचं, माझं तळहातावर बसेल. मे महिन्यात बाईंची बहीण कॅनडाहून येणार आहे. त्या खोलीत खेळलेल्या दोघीच आता उरल्यात. म्हणून टेबल एप्रिलअखेर द्यायचंय.

लाकूड पेअरचं काढलं, पंधरा वर्षं वाळलेलं. मूळ टेबल अक्रोडाचं आहे, पण एवढ्याशा वस्तूवर अक्रोडाच्या रेषा दोरखंडासारख्या दिसतात. हे नवशिक्यालाही कळतं. मापाचं मात्र तसं नाही. बाराने भागायचं आणि थांबायचं. एक केसही कमी-जास्त नाही. आमच्या कार्डावर तसं छापलंच आहे. ज्याला डोळ्यानं ठरवायचंय त्यानं चित्रं काढावीत.

कापणं, जोडणं, कोरणं माझं. पॉलिश एकतीस वर्षं नोएमीचं. एकेका खुर्चीला तीन-तीन आठवडे लावते. मी म्हणायचो, "अगं, खुर्ची आहे ती, चर्चची घंटा नव्हे." ती म्हणायची, "तुझं झालं ना? मग जा, हवा खाऊन ये." आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. धूळ नको म्हणून.

२२ जानेवारी, शनिवार

सकाळी बाजारात गोबेर भेटला. शेजारी आमचा. जन्मभर लाकडात लाकूड बसवून नक्षी केली, आता सगळं काम जिभेनं करतो.

"मग एली, आता पॉलिश कोण करणार?"

"मी. त्यात काय मोठं?"

"काही नाही," म्हणाला आणि कांद्याच्या पातीकडे वळला. गोबेर 'काही नाही' म्हणून गप्प बसला असं मी यापूर्वी पाहिलेलं नाही. म्हातारा झाला.

दुपारी टेबलाचा पहिला पाय दाखवायला नेला. जिथं वळणावर पाय सर्वांत बारीक होतो तिथं बरोबर तीन मिलिमीटर. मुळात छत्तीस आहे. नोएमीनं डाव्या हातात घेतला, खिडकीकडे तोंड करून डोळ्याजवळ धरला, आणि वळणावर नखानं ओरखडायला लागली.

"अगं, तयार झालाय तो," मी म्हटलं आणि काढून घेतला. तिनं हात पुढं केला. पुन्हा दिला, पुन्हा तिथंच ओरखडलं. नर्स म्हणाली, या दुखण्यात चिडचिड होते, मनाला लावून घेऊ नका.

लावून घेतलं नाही. संध्याकाळी नवा पाय कापला.

२९ जानेवारी

आमची मुलगी मिरेय तुलूझहून आली होती. आईचे केस विंचरले, नखं कापली. (नखं वाढली होतीच.) नंतर मला बाहेरच्या बाकावर घेऊन बसली.

"पापा, मार्चअखेर इथून सोडतील. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक चांगली जागा आहे. नर्स आहेत, व्यायाम करून घेतात."

"तुझी आई घरी येईल."

"घरी येऊन करणार काय ती? खिडकीशी बसून राहणार. तुम्ही कारखान्यात, ती मागच्या खोलीत. आणि जिना?"

"मी सगळं बघेन तिचं."

"पापा, तुम्हाला साधी अंडी उकडता येत नाहीत."

हे खरं नाही. मला अंडी उकडता येतात. पण करणार काय ती, हे मलाही माहीत नाही. पॉलिश करायला दोन हात लागतात. मार्चअखेर ठरवायचं आहे.

६ फेब्रुवारी, रविवार

मेण शोधायला मागच्या खोलीत गेलो. आठ-दहा महिन्यांनी तरी पाऊल टाकलं असेल. नोएमीचं टेबल पुढच्या खिडकीसमोर नाही, उत्तरेच्या खिडकीला लावलंय. का कोण जाणे. मेण सापडलं. पण त्यासोबत कानशी निघाल्या, सुईएवढ्या, मी मोजल्या तर एकोणीस. दाढीच्या पात्यांचे तुकडे लाकडी मुठीत बसवून केलेली खरवडणी. काचेच्या बरणीत पेअरच्या लाकडाचा कीस, पिठाहून बारीक. काय काय साठवते ही बाई.

पॉलिशला एवढ्या कानशी कशाला लागतात ते कळलं नाही. आल्यावर विचारीन.

१९ फेब्रुवारी

टेबल जोडून झालं. खणाच्या आत खण आहे आणि त्याच्या मागं चोरखण, तोही उघडतो. जोडकामात कुठं सुईचं टोक जाणार नाही. इतकं नीट काम माझ्या हातून गेल्या दहा वर्षांत झालं नसेल. बायको आजारी असताना हात चांगला चालतो, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

रुमालात गुंडाळून कास्त्रला नेलं. नोएमीनं मांडीवर घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा तेच, वळणावर नख. एकेका पायावर, चारी. मी हात धरला तर तिनं झिडकारला, जोर होता त्यात. डॉक्टरांना सांगायला हवं. मग रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी.

मी म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नको. पॉलिश करता येत नाही म्हणून काय झालं? मी करीन."

ती आणखीच रडली. शेवटी नर्सनं मला जायला सांगितलं.

२० फेब्रुवारी

गेलो होतो. झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

५ मार्च

पॉलिश संपलं. तीन थर, मधे मेण, मग कापड. दोन दिवस लागले. दोन! एकतीस वर्षं ही बाई तीन आठवडे काय करत होती?

टेबल खिडकीत ठेवलंय. चकाकतं. सकाळी दार उघडून आत आलो तर क्षणभर वाटलं, कुणी परकं माणूस ही वस्तू इथं विसरून गेलंय. जाडी मोजायचा कॅलिपर काढून चौदा ठिकाणी मोजलं. सगळीकडे बारावा हिस्सा. आकडा बरोबर असताना माणसाला खुपतं काय? दोनदा जागा बदलली, एकदा कापड टाकून झाकलं. तीन दिवस ओतां वारा सुटलाय, या वाऱ्यात आमच्याकडे सगळ्यांचीच डोकी फिरतात.

नोएमीनं आज 'अ' म्हटलं. दोनदा.

१२ मार्च

आल्बीला गेलो. मादाम एस्तुर्नेल यांच्या घरी खोलीभर उजेड होता. काचेच्या मोठ्या पेटीत अकरा वस्तू जशा होत्या तशा मांडलेल्या. बाईंनी बारावी स्वतःच्या हातानं खिडकीजवळच्या जागी ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. कॉफी निवली.

"मस्यू काझाल, माप बरोबर असेल."

"आहेच."

"पण हे आमचं टेबल नाही."

मी विचारलं, काय कमी आहे? रंग? किल्लीचं भोक?

"तसं बोट ठेवून सांगता येत नाही मला. त्या खुर्चीकडे पाहिलं की वाटतं, आई आत्ता उठून आत गेलीय. या टेबलावर कुणी कधी पत्र लिहिलेलं नाही. बाकीची अकरा आमच्या घरून आलीत. हे दुकानातून आलंय." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "माझे डोळे म्हातारे झालेत. तुम्ही म्हणत असाल तर ठेवून घेते."

म्हणजे दया म्हणून. मी टेबल रुमालात बांधलं आणि निघालो.

१३ मार्च, रविवार

प्रार्थनेला गेलो, एक अक्षर कानात शिरलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, आठवणीच्या जोरावर मला माझं काम शिकवणार! आठवण म्हणजे काय माप आहे? मी बुधवारी पुन्हा जाणार. मापांची वही घेऊन आणि कॅलिपर घेऊन. त्यांच्यासमोर बाराच्या बारा वस्तू मोजून दाखवीन. ज्या हातानं अकरा केल्या त्याच हातानं, त्याच मापानं बारावी केलीय, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे.

१६ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

बाईंना मापांची वही दिली. म्हटलं, "तुम्ही मूळ माप वाचा, मी बाराने भागलेलं सांगतो, मग कॅलिपर लावतो." त्यांना गंमत वाटली. चष्मा लावून बसल्या.

"हाताची खुर्ची. पुढचा पाय, वळणावर, तीस मिलिमीटर."

"म्हणजे अडीच," मी म्हटलं आणि कॅलिपर लावला. दोन पूर्णांक एक.

कॅलिपर पुसला. पुन्हा लावला. दोन पूर्णांक एक. दुसरा पाय, तेवढाच. मागचे पाय मोजले, ते बरोबर अडीच. मागचे कुणाला दिसत नाहीत. बैठकीची कड मापाहून पातळ. हातांची गोल टोकं, जिथं माणूस पंजा ठेवतो, ती मात्र कोरताना मी ठेवतो त्याहून चपटी, झिजल्यासारखी, आणि उजवं डाव्यापेक्षा जास्त.

कोच मोजला. कपाटं मोजली. घड्याळाच्या पेटीची कंबर. बाई वाचत होत्या, मी पुढं सांगायचा थांबलो होतो. अकरा वस्तूंपैकी एकही माझ्या मापाची नव्हती. कुठं अर्धा मिलिमीटर, कुठं त्याहून कमी. चुकून झालं म्हणावं तर नेमकं डोळा जिथं पोचतो तिथंच.

मग बारावी मोजली. ती बरोबर होती. ती एकटीच बरोबर होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"थंडीनं लाकूड आकसतं, मादाम."

"अकराच्या अकरा?"

"हो."

"आणि हे?"

"हे अजून नवं आहे."

त्यांनी वही मिटून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या बायकोची तब्येत कशी आहे?"

बसमध्ये टेबल मांडीवर होतं. रेव्हेलला उतरायचं विसरलो, पुढच्या गावाहून चालत आलो.

१७ मार्च

हॉस्पिटलात गेलो नाही. पहिल्यांदाच.

खरं लिहायचं तर मला राग आलाय. एकतीस वर्षं नोएमी माझ्या पाठीमागं माझं काम खरवडत होती. दार लावून. प्रदर्शनांत मी छाती काढून उभा राहायचो, लोकांच्या हातात भिंग द्यायचो, 'एक केसही नाही' म्हणायचो, आणि ही शेजारी उभी राहून हसायची. मला वाटायचं कौतुकानं हसते.

१९ मार्च, शनिवार

बाजारात गोबेरला गाठलं. चीजवाल्यासमोरच विचारलं, "तुला माहीत होतं? नोएमी माझ्या कामाला कानस लावते ते?"

"हळू बोल. सगळ्या रेव्हेलला माहीत आहे."

"आणि एकानंही सांगितलं नाही मला?"

"तू नाकावर माशी बसू देत नाहीस, एली. सांगणार कोण? मी? मला अजून दहा वर्षं तुझ्या शेजारी राहायचंय."

मी म्हटलं, पण का? बाराने भागलं की बरोबरच येणार. हिशेबच आहे तो.

"तू अक्रोडाच्या जागी पेअर का घेतोस?"

"रेषा जाड दिसतात म्हणून."

"मग? लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत हे तुला कळतं. उजेडाला कुणी बाराने भागलंय? बघणाऱ्याच्या डोळ्याला भागलंय? टेबल लहान झालं, बघणारा आहे तेवढाच राहिला. मग तीन मिलिमीटरचा पाय त्याला हत्तीचा दिसणार नाही तर काय?"

बायका ऐकत उभ्या होत्या. अडुसष्टाव्या वर्षी भर बाजारात तोंडात मारल्यासारखं झालं.

मी निघालो तर मागून आला, काठी टेकत. "ऐक. एकदा मी तिला विचारलं होतं, हे दुसऱ्या कुणासाठी करशील का, माझा पुतण्याही हेच काम करतो म्हणून. नाही म्हणाली. म्हणाली, एलीचं जोडकाम असतं म्हणून माझी कानस चालते. दुसऱ्याचं घासलं तर सांधे सुटतील."

२१ मार्च

टेबल नेलं. एकोणीस कानशींतल्या तीन नेल्या, मला कुठल्या लागतील ते माहीत नव्हतं म्हणून जाड, मधली आणि बारीक.

दार लावलं आणि विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तोंड हललं, 'अ' आला, पुढं काही नाही. पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिला बोलता येत होतं तेव्हा एकतीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, दार लावून काय करतेस. आता विचारतोय. मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसलो आणि रडलो. मी रडलो हे इथं लिहून ठेवतो, डॉक्टरांनी वाचलं तर वाचू दे.

मग रुमाल सोडला. तिनं टेबलाकडे पाहिलंही नाही, कानशींकडे पाहिलं. तिन्ही उलटसुलट करून मधली उचलली. डाव्या हातात. मी टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तिनं वळणावर कानस लावली, जिथं जानेवारीपासून नख लावत होती तिथंच. तीन-चारदा नीट चालली. पाचव्याला हात घसरला आणि पायाला मोठा खोल ओरखडा पडला. माझ्या तोंडून हाय निघालं. ती हसली. अर्ध्याच तोंडानं, पण आवाज काढून हसली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा.

२६ मार्च

मिरेय आली. तिला बाकावर बसवून मी सगळं सांगितलं, म्हटलं आता हिचा चेहरा बघावा. ती शांत.

"लहानपणी मी तिथंच तर असायचे, पापा. तिच्या टेबलाखाली. कीस गोळा करायचे."

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"आई म्हणायची, त्याला मोजू दे. मोजत असला की तो खूश असतो."

हे मी लिहून ठेवलं, पण पुन्हा वाचणार नाही.

मग तिनं जागेचं काढलं. सोमवारी कळवायचं होतं. "घरी ती करणार काय, पापा?" तोच प्रश्न, पण या वेळी रागानं नव्हता.

"काम करेल. मी धरीन, ती घासेल."

"डाव्या हातानं?"

"डाव्या हातानं. बिघडलं तर मी नवा पाय करीन. पाय करणं मला येतं. तेवढंच येतं असं दिसतंय."

मिरेय बराच वेळ हातमोजे घालत होती, काढत होती. शेवटी म्हणाली, "जिन्याला डाव्या बाजूनंही कठडा लावून घ्या. आणि एक गोष्ट. ती दमली की तिला झोपू द्या, टेबल झालंच पाहिजे म्हणून मागं लागू नका."

९ एप्रिल

नोएमीला घरी येऊन आठवडा झाला. तिची खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी आहे. त्या खिडकीतून ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड येतो आणि वस्तूचा प्रत्येक फुगवटा दिसतो. हे मला या आठवड्यात कळलं.

रोज सकाळी एक तास. मी समोर बसून टेबलाचा पाय धरतो. माझ्या हातांचं आता हेच काम, शिकंजा. हललो की ती माझ्या पायावर लाथ मारते, तिच्या चांगल्या पायानं. आत्तापर्यंत चौदा पाय बिघडले. मी दुपारी नवे कापतो, आता तीनचे न ठेवता जरा जास्तीचे ठेवतो, तिला काढायला जागा हवी. अंडी मी उकडतो. एक फुटलं.

डॉक्टर, ही वही आता तुम्हाला दाखवता यायची नाही.

२३ एप्रिल

मादाम एस्तुर्नेल यांना पत्र टाकलं होतं, आज त्यांचा फोन आला. मी लिहिलं होतं की टेबल एप्रिलअखेर होणार नाही. मेमध्येही नाही. या वर्षात होईल का ते सांगता येत नाही, कारण ज्या हातानं तुमची अकरा झाली तो हात गेला आणि दुसरा अजून शिकतोय. लाकूड थंडीनं आकसलं नव्हतं, हेही लिहिलं.

"ते मला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "खिडकीजवळची जागा रिकामी ठेवते. बहिणीला काय सांगू, कुणी केलंय म्हणून?"

"नोएमी काझाल."

"आणि तुम्ही?"

"मी मोजलं."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. फोन ठेवला तेव्हा नोएमी दाराकडे पाहत होती. ऐकलं असणार. मी तिच्या कानशी पुसायला घेतल्या.

७ मे, शनिवार

एक पाय झाला.

माझ्या मते झाला. सत्ताविसावा. दोन पूर्णांक सहा, पण हे मी नंतर मोजलं, तिच्यासमोर नाही. खिडकीत उभा केला तर असा उभा राहिला की त्याच्यावर टेबल आहे असं वाटावं, टेबल नसताना. मी तिला म्हटलं, "नोएमी, हा झाला." तिनं मान हलवली. झाला नाही.

पण तिचा हात दमला होता. कानस माझ्या हातात दिली. मला वाटलं आजचं संपलं, ठेवून दे म्हणते. मी ठेवायला गेलो तर मनगट धरलं. मग पाय माझ्या डाव्या हातात दिला आणि माझा अंगठा धरून वळणाच्या आतल्या बाजूला ठेवला. हळूच खाली ओढला. पुन्हा वर नेला, पुन्हा ओढला. तिथं काहीतरी होतं जे मला लागायला हवं होतं. मी डोळे मिटले. लाकूड लागलं, बाकी काही नाही. गुळगुळीत लाकूड.

तीन वेळा, चार वेळा. बाहेर बाजार उठत होता, गाड्या भरत होत्या. ती दमलेली, मी भुकेलेला. शेवटी मी म्हटलं, "हं. कळलं."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, लग्नाची बेचाळीस वर्षं पाहत आलीय तसं. आणि माझा अंगठा उचलून परत पहिल्या जागी नेऊन ठेवला.